अर्धं पान

टोळांच्या मुलखात हिरवं असं काही उरलं नव्हतं. तरी राखून कसं खावं, हा विषय तिथल्या विद्यापीठात मोठ्या तोऱ्यात शिकवला जाई. शिकवून शिकवून नारोगुरुजींचा घसा बसला होता. पोरं माना डोलवत आणि बाहेर पडताच झाडांच्या उरल्यासुरल्या साली कुरतडत.

शेवटी गुरुजींनी ठरवलं, यांना डोंगरापलीकडे नेऊन डोळ्यांनीच दाखवायचं. तिथल्या दरीत नाकतोडे राहत. त्यांची रीत अशी, की पान शेंड्याकडून अर्धंच खायचं, देठाकडचं झाडाला ठेवायचं. आणि एकदा तोंड लागलेल्या पानाला पुढच्या बहरापर्यंत कुणी शिवायचं नाही. एवढ्यावर दरी पिढ्यान्‌पिढ्या हिरवीगार होती.

दरीतली थोरली गोदाक्का पाहुणे बघून हरखली. तिने मायेने रीत समजावली. आणि काय सांगावं, पोरं चक्क शिकली! वर्गच्या वर्ग अर्धं पान खाऊन शहाण्यासारखा पुढच्या पानावर सरकत होता. गुरुजींना भरून आलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं कुणी ऐकलं होतं.

संध्याकाळी दरीत एकही पान अख्खं नव्हतं. नाकतोडे फांद्याफांद्यांवरून हिंडले आणि उपाशीच परतले. ते बघून गुरुजींनी गोदाक्काला गाठलं. बहर अजून कितीतरी लांब होता.

"अक्का, हात जोडतो, उरलेलं अर्धं खा," ते म्हणाले.

"मग तुमच्या पोरांना काय शिकवलं म्हणायचं, गुरुजी?" गोदाक्का म्हणाली.

घरी परतल्यावर सहलीचा केवढा गाजावाजा झाला! आता अख्ख्या विद्यापीठाने जायचं ठरलं. नका जाऊ, म्हणून गुरुजींनी परोपरीने विनवलं. श्रेय वाटून घ्यायचं नसेल, असं म्हणून लोक हसले. मग गुरुजी एकटेच पुढे उडाले, निदान अक्काला सावध करावं म्हणून.

दरी अजून हिरवी होती. झाडोझाड अर्धी पानं डुलत होती, पण कुठे चाहूल नव्हती. गोदाक्का एका फांदीवर बसलेली दिसली. तिच्या पुढ्यात देठाकडचं अर्धं पान होतं, हिरवं, न शिवलेलं. गुरुजींनी दोनदा हाक मारली. ती हलली नाही.

तेवढ्यात भरदुपारी अंधारून आलं. डोंगरावरून सगळं विद्यापीठ एका सुरात धडा म्हणत येत होतं, "अर्धं आपलं, अर्धं झाडाचं."

गुरुजी अक्काच्या पानावर पंख पसरून बसले आणि तोंड लागलेल्या पानाला न शिवण्याची पुढची ओळ ऐकू येते का, म्हणून कान देऊन राहिले. पोरं पहिलीच ओळ पुन्हा म्हणत खाली उतरू लागली.