अकरावा पाहुणा

ही कथा मी ९ जानेवारीस सकाळी, आमच्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठ सहायिका वत्सलाबाई ताम्हाणे यांच्याकडून ऐकली. मधमाशीच्या विषाचा एक थेंब मी रक्तपेशींच्या नळीत सोडला होता. गढूळ द्रव पाहता पाहता पारदर्शक लाल झाला. सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी शाबूत दिसेना. मी आ वासून नळी उजेडाकडे धरली. बाई म्हणाल्या, "तोंड मीट आधी, आणि ऐक."

एका बेटावर एक गाव होते. त्याला दगडी तट नव्हता. पहारेकरीच पाठीला पाठ लावून दोन रांगांत उभे राहत. एक रांग बाहेर पाहणारी, दुसरी आत. पाठींना ते तेल चोळत, म्हणून बाहेरचे पाणी आत येत नसे आणि गावाचे मीठ बाहेर जात नसे. हात जोडून आलेल्याला रांगेशी टेकू द्यावे, अशी त्यांची रीत होती.

एके दिवशी एक ठेंगणा पाहुणा आला. जरा टेकतो, म्हणाला. भिवा पहारेकऱ्याने त्याला निरखले.

"नाईक, ह्याचे एक अंग आपल्यासारखे तेलकट आहे, दुसरे ओले. हा धड ना पाण्यातला, ना आपल्यातला."

नाईक हणगोजी हसला. "वीतभर माणसाने तट पडला, तर मी मिशा उतरवीन. टेकू दे."

दुसरा आला, तिसरा आला. भिवा दर वेळी कुरकुरला. नाईकाने दर वेळी समोरच्या एकालाच तोलले आणि एकच तर आहे, असे म्हटले. आधी टेकलेल्यांकडे त्याने मान वळवली नाही.

अकरावा टेकला आणि सगळे एकदम उठून रांगांत शिरले आणि गोल उभे राहिले; तेलकट अंगे पहारेकऱ्यांकडे, ओली अंगे एकमेकांकडे. मधोमध पाण्याला वाट झाली. मीठ बाहेर गेले, पाणी आत लोटले. गाव फुगले आणि फुटले. कोणी शस्त्र उपसले नव्हते. कोणाला ओरखडाही नव्हता. हणगोजी आपल्या जागी उभाच होता. त्याच्या मागे राखण्यासारखे काही उरले नव्हते.

"भिवा," तो एवढेच म्हणाला, "मी एकेकाला पाहिले. सगळ्यांना नाही."

तात्पर्य: एकेक सवलत निरुपद्रवी दिसते, धोका तिच्या बेरजेत असतो, म्हणून नवी सवलत देण्यापूर्वी आधी दिलेल्या सगळ्या मोजाव्यात.

अकरा हा आकडा मला पडताळता आलेला नाही. प्रयोग मी सात वेळा केला. गाव, म्हणजे पेशी, दर वेळी फुटले; कितव्या पाहुण्याला, म्हणजे विषाच्या कितव्या रेणूला, हे मात्र मला कधीच दिसले नाही.