वापर शून्य

“दोन वर्षांत एकदाही वापर नाही? सर, एकदाही?”

प्रशांत वाकुडकरने हातातला कागद टेबलावर आपटला. शहरातल्या विद्यापीठाचा महासंगणक त्याच्या हाताखाली होता. आडगावांतल्या कॉलेजांनाही तो बसल्या जागी, फुकटात वापरता यावा ही योजना त्याचीच. आणि ज्या कॉलेजात तो स्वतः शिकला, तिथला आकडा शून्य.

समोर गेडाम सर बसले होते. याच खोलीत त्यांनी प्रशांतला गणित शिकवलं होतं.

“शनिवारी तुमचं खातं बंद करतोय. वाढलेल्या ताटातला घास उचलायचाही कंटाळा असेल, तर मी तरी काय करू?”

दाराशी वनिता नरोटे उभी होती, सरांची विद्यार्थिनी. तीन वर्षं पायपीट करून तिने पन्नास गावांतल्या तापाच्या नोंदी जमवल्या होत्या. साथ आधी कुठे उठते, ते त्यातून निघणार होतं. पण कॉलेजचे संगणक एवढ्या नोंदी उघडतानाच मान टाकत. खातं गेलं की तिचं सगळं काम बासनात जाणार होतं.



“बस इथे,” सर प्रशांतकडे खुर्ची सरकवत म्हणाले. “तूच उघडून दाखव.”

प्रशांतने झटक्यात आपलं नाव टाकलं. पडद्यावर सूचना आली. मोबाइलवर आलेला कोड दोन मिनिटांत भरा.

मोबाइल ढिम्म.

“रेंज कुठे येते?”

सरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या टेकडीवर पाण्याची टाकी होती. गवतातून एक पायवाट वर गेली होती, वनिताच्या पायांनी पडलेली.

प्रशांत तरातरा निघाला. वर कोड मिळाला. खाली येईस्तोवर त्याची मुदत संपली होती.

तो पुन्हा गेला. धावत गेला, धावत आला.

तिसऱ्यांदा परतला तेव्हा सदरा घामाने भिजला होता आणि गुडघा फुटला होता. पडद्यावर तीच लाल ओळ.

“दोन मिनिटं? कुठल्या गाढवाने केला हा नियम?”

वनिता जमिनीकडे बघत राहिली.

...

नियमांच्या पानावर सही कोणाची आहे, हे प्रशांतला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तो मटकन खाली बसला. राग काही उतरला नव्हता. तो काढायचा कोणावर, तेवढंच कळेना.

“सर, दोन वर्षं... निदान एक पत्र तरी टाकायचं होतंत.”

“तीन टाकली. तुझ्या कचेरीचं उत्तर आलं, तक्रार पोर्टलवरच नोंदवा.”

“मग नोंदवायची ना.”



“पोर्टल उघडायला तोच कोड लागतो, प्रशांत.”