इवलीचा साबुदाणा बरणीत

इवली मुंगी एवढ्ढीशी! तिला सापडला एक साबुदाणा. घरी पिल्लं भुकेली. इवली चालली साबुदाणा ओढत. तुरुतुरु, तुरुतुरु.

तेवढ्यात... घुर्रर्र!

कुंदामावशीने यंत्र लावलं. धूळ ओढायचं यंत्र. तिने घरीच बनवलेलं. चार बिघडली, हे पाचवं! याला पिशवीच नाही. आहे एक मोठ्ठी बरणी. बरणीत वारा फिरतो गरागरा.

सुर्रर्र! साबुदाणा गेला नळीत. नळीतून बरणीत. गरागरा, गरागरा!

"अगं बाई!" इवलीने आ वासला. पळाली बरणीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"माझा साबुदाणा मिळेना. बरणीताई, उघड ना!"

बरणी म्हणाली, "अय्या! आत्ता? वारा थांबला तर उघडेन."

इवली गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बरणी उघडेना. माझा साबुदाणा मिळेना. वारेदादा, थांब ना!"

वारा म्हणाला, "बाप रे! मी कसा थांबू? मोटर थांबली तर थांबेन."

इवली गेली मोटरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारा थांबेना. बरणी उघडेना. माझा साबुदाणा मिळेना. मोटरकाकू, थांब ना!"

मोटर म्हणाली, "अरे देवा! मी कशी थांबू? प्लग निघाला तर थांबेन."

इवली गेली प्लगकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मोटर थांबेना. वारा थांबेना. बरणी उघडेना. माझा साबुदाणा मिळेना. प्लगभाऊ, निघ ना!"

प्लग म्हणाला, "काऽऽय? मी आपला आपण निघू? मावशी उतरली तर निघेन."

मावशी कुठे होती? टेबलावर! पाय वर घेऊन! इवली चढली टेबलावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"प्लग निघेना. मोटर थांबेना. वारा थांबेना. बरणी उघडेना. माझा साबुदाणा मिळेना. मावशी, उतर ना!"

मावशी म्हणाली, "छे गं इवले! केवढं ओरडतंय ते! चालू करायचं बटण लावलं, बंद करायचं विसरलेच मी! मोटर थांबली तर उतरेन."

"आँ?" इवली मटकन खालीच बसली.

"मावशी उतरेना. प्लग निघेना. मोटर थांबेना. वारा थांबेना. बरणी उघडेना. माझा साबुदाणा मिळेना. आता सांगू कुणाला?"

समोर होता मावशीचा अंगठा. गुबगुबीत.

इवलीने घेतला चावा. कच्च!

"आई गंऽऽ!" मावशी उडाली. टुणुक! पडली थेट प्लगजवळ.

"ओढते बाई, ओढते!"

मावशी उतरली. प्लग निघाला, फट्! मोटर थांबली. घुर्र... घुर... गप्प. वारा थांबला. बरणी उघडली.

मावशीने आत बघितलं. डोळे झाले वाटीएवढे.

"एवढी धूळ? माझ्या घरात? सकाळीच तर झाडलं होतं!"

धुळीत होता साबुदाणा. काळाकुट्ट!

"घे गं तुझा साबुदाणा."

"ईऽऽ! धुऊन दे!"

मावशीने धुतला. एकदा नाही, दोनदा. पांढराशुभ्र साबुदाणा घेऊन इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

इवली शिरली भिंतीच्या फटीत, पिल्लं शिरली आईच्या मिठीत!