न्यायाधीशांचा सैनिक

अमेरिकेतल्या एका गावात स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या वंशज बायकांचं मंडळ होतं. लव्हिनिया हॉलोवे त्याची अध्यक्ष. रान माजलेल्या जागेतून सैनिकांच्या कबरी हुडकल्या त्या या बायकांनी, त्यांच्यावरचे दगड घासून नावं उजेडात आणली तीही यांनीच. तरी स्मृतिदिनाची मिरवणूक निघताना न्यायाधीश क्रॅब्ट्री काठी उगारून म्हणाले, "लढले ते पुरुष. म्हणून पुरुष वंशज पुढे चालतील. बायकांनी घोडागाड्यांच्या मागे उभं राहावं."

"जाऊ दे गं," म्हाताऱ्या प्रुडन्सबाई कुजबुजल्या. "दरवर्षीचंच आहे."

"म्हणूनच जाऊ देणार नाही," लव्हिनिया म्हणाली. संतापाने तिचे कान तापले होते. ती थेट न्यायाधीशांसमोर गेली.

"साहेब, वंशावळीचा नियम तुम्हीच आम्हाला शिकवता. मधली एक पिढी गळली, तर पलीकडचा सैनिक आपला राहत नाही. बायका मोजायच्याच नसतील, तर प्रत्येकाने आपल्या वंशावळीतल्या बायका आधी खोडाव्यात. त्यानंतरही ज्याचा सैनिक शिल्लक उरेल, त्याने खुशाल पुढे चालावं. तुमचे सैनिक कोण?"

क्रॅब्ट्रींची काठी हळूच खाली आली. दरवर्षी भाषणात ज्यांचा पराक्रम ते सांगत, ते त्यांच्या आईचे आजोबा होते. गर्दीतून कुणीतरी ते मोठ्याने सांगितलंही. मागचे पुरुष मनातल्या मनात आपापल्या आज्या तपासू लागले आणि एकेक जण रस्त्याच्या कडेला सरकला.

लव्हिनियाने बायकांना पुढे बोलावलं. मग क्रॅब्ट्रींकडे वळून म्हणाली, "आईच्या नावाने येणार असाल साहेब, तर आमच्या रांगेत जागा आहे."