शुभ्रवेणीतील शिळा

त्रेतायुगाच्या आरंभी, तपस्व्यांच्या मुखातील शब्द अजून अग्नीसारखा जळत होता त्या काळी, शुभ्रवेणी नदीच्या उत्तर तीरावर प्रतिश्रवा नावाचा राजा राज्य करीत होता. राज्यातील सर्व नौका आणि नावाडी ज्याच्या हाताखाली होते, तो त्याचा नौकाध्यक्ष ऋतंजय निर्लोभ होता, नियमनिष्ठ होता. राजाचा शब्द हाच त्याचा वेद होता.

एका वर्षाकाली राजाने महायज्ञ मांडला. यज्ञसमाप्तीच्या स्नानासाठी सर्व नौका पुष्पमालांनी शृंगारून घाटाला बांधण्यात आल्या आणि 'राजस्नानापूर्वी एकही नौका हलू नये' अशी आज्ञा सुटली. त्याच प्रभाती पर्वतशिखरांवर मेघ फुटले. पाहता पाहता शुभ्रवेणीने उग्र रूप धारण केले, दक्षिण तीरावरची वस्ती जलमय झाली आणि लोक छपरांवर चढून आक्रोश करू लागले.

"स्वामी, दोर सोडू का?" वृद्ध नावाड्याने हात जोडून विचारले.

ऋतंजयाने यज्ञमंडपाकडे दूत धाडला; परंतु राजा मौनदीक्षेत होता आणि द्वारपालांनी दूताला आत सोडले नाही. "आज्ञा येऊ दे," असे पुटपुटत ऋतंजय घाटावर येरझारा घालीत राहिला. एकेक छप्पर पाण्याखाली गेले. एकेक हाक थांबली.

तेव्हा दक्षिण तीरावरचे आश्रमवासी और्वायण ऋषी एका ओंडक्याच्या आधाराने पोहत घाटाला लागले. त्यांच्या पाठीशी वल्कलाने बांधलेले एक तान्हे मूल होते. त्याची माता प्रवाहात गेली होती.

"नौकाध्यक्षा! या नौका कोणासाठी?" ऋषी गरजले.

"महाराजांच्या आहेत, भगवन्. मी आज्ञेचा दास."

"नौका राजाच्या असतील, तुझे पद मात्र प्रजेचे होते! जिच्या अन्नावर तू पोसलास, तिचा आक्रोश ऐकूनही तुझे पाय हलले नाहीत. ते याच प्रवाहात शिळा होवोत!"

"ते बुडणारे मला माझ्या नावाने हाका मारीत होते," एवढेच ऋतंजय बोलला. मग त्याने स्वतःच्या हाताने दोर तोडले, नावाड्यांना उरलेल्यांकडे पिटाळले आणि तो पाण्यात उतरला. "भगवन्, मला अशा जागी उभे करा, की बुडणाऱ्याच्या हाताला मी लागेन."

"तथास्तु," ऋषी म्हणाले. त्यांचा क्रोध ओसरला होता. ऋतंजय मध्यप्रवाहात पोहोचला आणि पायांपासून शिळा होऊ लागला.

"आणि यांची मुक्ती?" वृद्ध नावाडी रडत म्हणाला.

"या नदीवर साहाय्याची हाक उरणार नाही, त्या दिवशी." बोलता बोलता ऋषींचे नेत्र भरून आले, कारण ते त्रिकालज्ञ होते.

राजा स्नानास आला, तेव्हा नदीने आपले जल घाटापासून दूर नेले. स्नानावाचून यज्ञ निष्फळ झाला.

ती शिळा मध्यप्रवाहात अद्याप उभी आहे. वाहून जाणारे कित्येक जीव तिला बिलगून तरले आणि त्यांच्या बोटांनी तिच्या कडा झिजल्या. दर वर्षाकाली पूर येतो, कोणीतरी हाक मारते, आणि शिळा जागची हलत नाही.