होडीच्या दोरीवरच्या मुंग्या

एका खाडीकाठी हिराजी नावाचा होडीवाला राहत असे. धक्क्याजवळच्या जुन्या तिवराच्या झाडाला तो होडी बांधी. त्या झाडावर लहानशी निळी फुलपाखरे असत. बाकी साऱ्या खाडीतून ती केव्हाच नाहीशी झाली होती.

झाडावर तांबड्या मुंग्याही होत्या. त्या दोरीवरून होडीत उतरत आणि उतारूंना चावत.

"हिराजी, भाडं आम्ही द्यायचं आणि जेवण तुझ्या मुंग्यांनी करायचं?" मासळी विकणारी चांगुणाबाई म्हणाली. "उद्यापासून आम्ही सगळ्या खाडीवरच्या लांबच्या पुलावरून जाऊ."

हिराजी घाबरला. मुंग्या फुलपाखरांच्या अळ्यांभोवती गर्दी करतात, हे त्याने पाहिले होते. त्या अळ्यांना खातात, अशी त्याची समजूत होती. त्याने मुंग्यांची घरटी काठीने पाडली आणि बुंध्याभोवती चुन्याचा जाड पट्टा ओढला. उतारूंचेही भले झाले आणि अळ्यांचेही, असे त्याला वाटले.

आठवड्याभरात गांधीलमाश्या आल्या. एकेक अळी उचलून नेऊ लागल्या. फक्त शेंड्याच्या एका फांदीवर थोड्या मुंग्या उरल्या होत्या, आणि तेवढ्याच फांदीवरच्या अळ्या शाबूत होत्या. गांधीलमाशी जवळ आली की मुंग्या तिच्यावर धावून जात. हिराजी बराच वेळ वर बघत उभा राहिला. ज्यांना त्याने चोर समजून हाकलले, ते राखणदार होते.

त्याने चुना खरवडून काढला. पण बुंध्याभोवती पाणी होते. मुंग्या येणार कशा? शेजारच्या झाडावर त्यांचे एक घरटे होते. तिथून या झाडापर्यंत त्याने एक दोरी ताणून बांधली. होडी मात्र दूर, चिखलातल्या खुंटाला बांधली.

"वा! मुंग्यांना पूल आणि आम्हाला चिखल," चांगुणाबाई म्हणाली.

"मावशी, टोपली माझ्या डोक्यावर द्या. चूक माझी, तर ओझंही माझंच."

काही उतारू पुलावरून जाऊ लागले. हिराजी रोज गुडघाभर चिखलातून टोपल्या वाहत राहिला. दोरीवर आधी एक मुंगी दिसली, मग रांग लागली.

दिवाळीनंतर एका सकाळी झाडाभोवती निळी फुलपाखरे भिरभिरत होती. फार नव्हती, नऊ-दहा असतील. होडी झाडासमोर आली तेव्हा चांगुणाबाईने टोपली मांडीवर घेतली.

"हिराजी," ती म्हणाली, "आज जरा सावकाश वल्हव."

तात्पर्य: जे आपल्याला चावते, ते दुसऱ्या कोणाची राखण करत असेल, म्हणून हाकलण्याआधी नीट पाहावे. आणि चुकलोच, तर निस्तरायला स्वतः चिखलात उतरावे.