मामांचा वीतभर रणगाडा

एका गावात एक भोळा माणूस होता. होता म्हणजे, अजून आहे. मीच तो, सुदाम. वय विचारू नका. लग्न जमत नव्हतं, एवढं पुरे.

आमचे मामा फौजेत रणगाडा चालवायचे. रिटायर झाल्यावर करमेना, म्हणून प्लॅस्टिकचे वीतभर रणगाडे जोडत बसायचे. एक माझ्या हातात देऊन म्हणाले, "सुदाम्या, ह्यो नीट रंगवलास, तर तुला स्थळ आणतो."

मी जीव ओतला. हिरवागार रंग दिला. वर खोबरेल तेल चोळलं. रणगाडा नुसता चमकायला लागला.

मामा म्हणाले, "आरं, ही काय नवरी हाय? नवीकोरी वस्तू खोटी वाटती. चिखल, गंज, ओरखडं दिसू देत!"

"ध्यानात ठेवतो, मामा."

दुसऱ्या दिवशी मामांनी नवी स्कूटर आणली आणि मला पुसायला सांगितली. मी तिला चिखल फासला, कडांना गंज रंगवला, खिळ्याने ओरखडे काढले. आता कुठे ती खरी वाटायला लागली.

मामा मटकन खाली बसले. "गाढवा, आधी कायतरी जुनं बघून त्याच्यावर हात बसवावा!"

"ध्यानात ठेवतो."

घरात सगळ्यात जुने आजोबा. ओसरीवर झोपले होते. टक्कल चांगलं ऐसपैस. मी त्यावर हिरवे-खाकी पट्टे ओढले. हात छान बसला. आजोबा उठले, तसेच पारावर गेले, आणि गाव पोट धरून हसलं.

मामा ओरडले, "आरं, पट्टं असं उठून दिसत्यात व्हय? मागं जे आसंल त्यात मिसळाय पायजेत! समोर उभं आसून दुश्मनाला दिसू नये, तवा रंग जमला म्हणायचं!"

"ध्यानात ठेवतो."

तरी मामा शब्दाला जागले. रविवारी मुलीकडची मंडळी मला बघायला येणार होती. आई म्हणाली, "बाळा, नीट तयार हो. ह्यापुढं कुणी यायचं न्हाय."

मी पहाटेपासून तयारीला लागलो. आमची भिंत निळी, पोपडे आलेली. मी तोंड, हात, सदरा सगळं निळं केलं. खळ लावून पोपडे चिकटवले आणि भिंतीला लागून उभा राहिलो.

मंडळी मुलीला घेऊन आली. पोहे झाले, चहा झाला. मुलगी मला फार आवडली.

"मुलगा कुठं हाय?" तिच्या वडिलांनी विचारलं आणि खुंटी समजून टोपी माझ्या नाकाला अडकवली. मी श्वास रोखला. मामा परसात बघून आले, विहिरीत वाकून आले. शेवटी मंडळी टोपी घेऊन तणतणत निघून गेली.

आईने डोळ्याला पदर लावला. मामा डोकं धरून भिंतीला टेकले. म्हणजे मलाच टेकले.

माझा ऊर भरून आला. हळूच त्यांच्या कानात विचारलं, "मामा, गेले का दुश्मन?"